मोटारीचे ब्रेक आणि मांजरसुंब्याचा घाट



बालाघाटच्या डोंगररांगेने आमच्या बीड जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेला गोदावरीकडचा सखल भाग, तर दक्षिणेला पठार. अंबाजोगाई-केजकडून बीडला यावयाचे म्हणजे पठार सोडून मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. धुळे-सोलापूर मार्गावरचा हा घाट. आज तेथे रस्ता रुंद झाला आहे. पण रस्ता रुंद झाला म्हणून उतार काही नाहीसा होत नाही.

२००९ सालच्या मे महिन्यात परीक्षेचे काम आटोपून आम्ही सात-आठ प्राध्यापक एका भाड्याच्या गाडीने बीडला परतत होतो. मांजरसुंबा मागे पडले, उतार सुरू झाला आणि चालकाने गिअर काढून गाडी मोकळी सोडली. मी विचारले तेव्हा म्हणाला, "डिझेल वाचतंय सर. उताराला गाडी आपोआप पळते." गाडी खरोखरच पळू लागली. प्रत्येक वळणावर तो ब्रेक दाबी, वळण गेले की पाय उचली. थोड्या वेळाने काही तरी जळाल्याचा वास येऊ लागला आणि पुढच्या वळणावर त्याने पाय दाबला तो पेडल थेट खाली फळीला टेकले. गाडीचा वेग कमी झालाच नाही!

चालक अनुभवी होता. त्याने पेडल भराभर तीन-चार वेळा मारले, थोडा ब्रेक लागताच गाडी गिअरमध्ये टाकली, मग आणखी खालच्या गिअरमध्ये आणली, हँडब्रेक बेताबेताने ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी उभी केली. आम्ही खाली उतरलो. कोणीसे चाकावर पाणी ओतायला निघाले, तेव्हा तो ओरडला, "पाणी मारू नका, तापलेली डिस्क तडकते!" अर्ध्या तासाने त्याने पुन्हा पेडल दाबून पाहिले. ते पूर्वीसारखेच टणक लागत होते. ब्रेक जणू काही झालेच नव्हते अशा रीतीने पुन्हा काम करू लागले.

"ब्रेक गेले होते, मग ते परत कुठून आले?" आमच्यातील इतिहासाच्या सरांनी विचारले. मित्रहो, हा प्रश्न फार मोलाचा आहे. तुटलेली वस्तू आपोआप सांधली जात नाही. मग येथे तुटले काय होते आणि सांधले काय गेले? याचे उत्तर नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानातच आहे. ते आपण क्रमाने शोधू या.

दोन सिरिंजांचा प्रयोग

औषधाच्या दुकानातून दोन नव्या, न वापरलेल्या सिरिंज आणा. एक जाड (२० मिलिलिटरची) आणि एक बारीक (५ मिलिलिटरची). सुया मात्र घेऊ नका. दोन्हींच्या तोंडांवर घट्ट बसेल अशी प्लॅस्टिकची बारीक नळी घ्या. दोन्ही सिरिंज आणि नळी पाण्याखाली धरून पाण्याने भरा व एकही बुडबुडा राहू न देता जोडा. आता बारीक सिरिंजचा दट्ट्या दाबला की जाड सिरिंजचा दट्ट्या बाहेर सरकतो. नळी वाकवा, तिला वेटोळे घाला, तरी फरक पडत नाही.

आता एका मित्राला जाड दट्ट्या दाबून धरायला सांगा आणि तुम्ही बारीक दट्ट्या दाबा. मित्र कितीही बळकट असो, तो सहज हरतो! मग जागा बदला. आता तुम्ही हराल.

याचे कारण मोजून काढता येते. सिरिंजवरील खुणांची लांबी पट्टीने मोजा. समजा, जाड सिरिंजवर १२ मिलिलिटरच्या खुणांनी ४ सेंटीमीटर लांबी व्यापली आहे; म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटीमीटर. बारीक सिरिंजवर ४ सेंटीमीटर लांबीत ४ मिलिलिटर मावतात. म्हणजे क्षेत्रफळ १ चौरस सेंटीमीटर. तुम्ही बारीक दट्ट्यावर १० न्यूटन बल लावले, तर पाण्यात दर चौरस सेंटीमीटरला १० न्यूटन दाब निर्माण होतो. हा दाब सगळ्या पाण्यात सारखाच पसरतो. जाड दट्ट्याच्या ३ चौरस सेंटीमीटरवर तो ३० न्यूटन बल देतो. बल तिप्पट झाले. पण फुकट नव्हे. जाड दट्ट्या १ सेंटीमीटर सरकावयाचा तर बारीक दट्ट्या ३ सेंटीमीटर दाबावा लागतो. बल आणि अंतर यांचा गुणाकार, म्हणजे कार्य, दोन्हीकडे सारखेच राहते.

बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब न घटता सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३ ते १६६२) याने मांडला. त्याचा यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये, छापला गेला. १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामा याने याच नियमावर दाबयंत्र बनविले. कापसाच्या गाठी बांधणारे प्रेस, माती ओतण्यासाठी उचलली जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली आणि गॅरेजमधील जॅक ही सगळी त्याच कुळातली. मोटारीचा ब्रेकही त्याच कुळातला आहे.

पायापासून चाकापर्यंत

पूर्वी मोटारींचे ब्रेक सायकलीप्रमाणे सळ्यांनी किंवा तारांनी ओढले जात. चार चाकांच्या चार तारा सारख्याच ताणाच्या ठेवणे फार कठीण. एक तार ढिली, एक ताठ असली की एक चाक आधी धरले जाई आणि गाडी एका बाजूला ओढली जाई. शिवाय पुढची चाके वळतात, सगळीच चाके खड्ड्यांत वरखाली होतात. त्यांच्यापर्यंत सळी न्यायची कशी? द्रवाने दोन्ही अडचणी दूर केल्या. नळी कशीही वळवता येते आणि दाब चारही चाकांना एकाच क्षणी पोचतो. चारही चाकांना द्रवाचे ब्रेक असलेली ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन मोटार १९२१ मध्ये बाजारात आली. पुढे मोटारींत हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली.

आता एका गाडीचा हिशेब करू. आकडे सोयीसाठी घेतलेले, पण साधारण खऱ्याच्या जवळचे आहेत.

तुम्ही पेडलवर २०० न्यूटन बल लावता. म्हणजे सुमारे २० किलोच्या ओझ्याइतके. पेडल ही एक तरफ आहे. तिने बल पाचपट होऊन १००० न्यूटन होते व ते मुख्य सिलिंडरच्या (मेकॅनिक याला मास्टर सिलिंडर म्हणतात) दट्ट्यावर पडते. या दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटीमीटर धरले, तर तेलातील दाब होतो दर चौरस सेंटीमीटरला २५० न्यूटन. हा वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २५ पट आहे. हा दाब धातूच्या बारीक नळ्यांतून आणि शेवटी रबरी नळीतून चाकापर्यंत जातो. तेथे २० चौरस सेंटीमीटरचा दट्ट्या असेल तर त्यावर ५००० न्यूटन बल येते. तुमच्या पायाचे बल एकेका चाकाशी २५ पट झाले!

बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाच्या पट्ट्या, म्हणजे पॅड, असतात. तेलाच्या दाबाने हे पॅड तबकडीला चिमटीत धरतात. मागच्या चाकांना पुष्कळदा ड्रम ब्रेक असतात. तेथे अर्धगोलाकार दोन शू आतून बाहेर फाकतात आणि त्यांवरचे लायनर फिरत्या ड्रमला घासतात.

पॅड आणि डिस्क यांच्यातील फट अगदी थोडी असते. दोन पुढच्या चाकांचे दट्टे प्रत्येकी ०.२ मिलिमीटर सरकवायचे, तर किती तेल लागेल? २ × २० × ०.०२ = ०.८ घन सेंटीमीटर. त्यासाठी मुख्य दट्ट्या २ मिलिमीटर आणि पेडल १ सेंटीमीटर सरकले की पुरे. मुख्य दट्ट्याची सगळी चाल समजा ३ सेंटीमीटर आहे. म्हणजे तो एका दाबात जास्तीत जास्त १२ घन सेंटीमीटर तेल पुढे ढकलू शकतो. हा १२ चा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

ब्रेक वेग खात नाही, उष्णता बनवतो

"ब्रेक लावला की गाडी थांबते" असे आपण म्हणतो. पण गाडीची गतिज ऊर्जा जाते कोठे? ऊर्जा नष्ट होत नाही. घर्षणाने तिची उष्णता होते आणि ती डिस्क, ड्रम व पॅड यांत साठते, मग हवेत जाते.

१२०० किलोग्रॅमची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा ½ × १२०० × २० × २० = २,४०,००० ज्यूल. एवढ्या उष्णतेने ३० अंशांवरचे सुमारे ८०० ग्रॅम पाणी उकळीला येईल. सपाट रस्त्यावर असे एकदा थांबलात तर काही बिघडत नाही. पुढचा ब्रेक लावेपर्यंत डिस्क वाऱ्याने थंड होते.

घाटात मात्र गोष्ट वेगळी. समजा, तीच गाडी १०० मीटर उंची उतरली. तिची स्थितिज ऊर्जा १२०० × ९.८ × १०० = ११,७६,००० ज्यूल इतकी कमी होते. गाडी मोकळी सोडली असेल आणि वेग वाढू द्यायचा नसेल, तर हवेचा व रस्त्याचा विरोध सोडून बाकीची बहुतेक ऊर्जा ब्रेकनाच गिळावी लागते. म्हणजे चार लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता, आणि तीही थंड व्हायला उसंत न देता! आमच्या गाडीत तर सात-आठ माणसे होती. म्हणजे वजन याहून जास्त, उष्णताही जास्त. मे महिन्याचे ऊन वेगळेच.

तेल उकळले की काय होते?

पॅड तापले की त्यांना टेकलेला दट्ट्या तापतो आणि दट्ट्यामागचे तेलही तापते. मेकॅनिक ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते वंगणाचे तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल वर्गातील संयुगांचे मिश्रण असते. पाणी का वापरत नाहीत? कारण पाणी १०० अंशांना उकळते, ० अंशाला गोठते आणि लोखंडाला गंज आणते. 'डॉट ३' प्रकारचे नवे ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत आणि 'डॉट ४' प्रकारचे निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे.

पण या तेलाला एक खोड आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते, जसे पावसाळ्यात मीठ ओले होते तसे. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून ओलावा हळूहळू आत शिरतो. तेलात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की 'डॉट ३' तेलाचा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत आणि 'डॉट ४' चा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. बाहेरून तेल तेवढेच दिसते, पेडलही टणक लागते. फरक कळतो तो घाटातच.

आता आपल्या सिरिंजांकडे परत या. मुद्दाम २-३ मिलिलिटर हवा आत राहू द्या आणि बारीक दट्ट्या दाबा. दट्ट्या आत जातो, पण जाड दट्ट्या जागचा हलत नाही किंवा फार थोडा हलतो. हवा आधी दबते आणि चाल तेथेच संपते. पाणी दाबले जात नाही म्हणून बल पुढे पोचते. हवा दाबली जाते म्हणून ते वाटेतच अडते. वाफेचेही तेच. पाण्याची वाफ साध्या दाबाला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा व्यापते. पाण्याचा एक थेंब ०.०५ ग्रॅमचा धरला, तर त्याची वाफ सुमारे ८५ घन सेंटीमीटर होईल. आणि आपला मुख्य दट्ट्या एका दाबात किती तेल ढकलतो? फक्त १२!

चालकाने पाय उचलला की मुख्य सिलिंडर वरच्या तेलाच्या टाकीला जोडला जातो. त्या क्षणी वाफेचा फुगा चाकाकडचे तेल मागे टाकीत ढकलतो आणि स्वतः जागा धरून बसतो. पुन्हा पाय दाबला की पेडलची सगळी चाल तो फुगा मिटविण्यातच संपते. पेडल फळीला टेकते आणि पॅड डिस्कला धड लागतही नाहीत. म्हणून आमच्या गाडीने एका वळणावर ब्रेक धरला आणि पुढच्याच वळणावर सोडला. भराभर पेडल मारल्याने टाकीतील थोडे थोडे तेल पुढे गेले, फुगा दबला आणि जेमतेम ब्रेक लागला.

अर्ध्या तासाने तेल थंड झाले, वाफेचे पुन्हा द्रव झाले, फुगा नाहीसा झाला आणि पेडल टणक झाले. इतिहासाच्या सरांच्या प्रश्नाचे हे उत्तर. तुटले काहीच नव्हते. पायापासून चाकापर्यंतचा द्रवाचा अखंड दांडा तेवढा मध्येच वाफेचा झाला होता. धोका नेमका येथेच आहे. ब्रेक परत आले की माणसाला वाटते, झाले ठीक. आणि तो तेच जुने तेल घेऊन पुढच्या घाटाला निघतो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने आमच्या गाडीचे तेल काढले तेव्हा ते काळ्या चहासारखे दिसत होते. ते कधी बदलले होते हे चालकाला आठवत नव्हते.

एक खूण येथे सांगून ठेवतो. पेडल मऊ होऊन खाली जाते, तेव्हा तेलात वाफ किंवा हवा शिरली आहे किंवा तेल गळते आहे. पेडल टणक आहे, पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड किंवा लायनर फार तापून त्यांचे घर्षण कमी झाले असण्याचा संभव आहे, किंवा पुढे सांगितलेल्या बूस्टरची मदत बंद पडली आहे.

आजच्या गाडीतील तीन राखणदार

पहिला राखणदार म्हणजे दुहेरी मार्ग. मुख्य सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन दट्टे असतात आणि प्रत्येकाकडे दोन-दोन चाके. एक नळी फुटली तरी दुसऱ्या मार्गाची दोन चाके धरली जातात.

दुसरा बूस्टर. बहुतेक गाड्यांत इंजिनच्या मदतीने एका डब्यात अंशतः निर्वात ठेवलेला असतो. पेडल दाबताच त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा येते आणि वातावरणाचा दाब तुमच्या पायाला मदत करतो. इंजिन बंद केले तर डब्यातील निर्वात एक-दोन दाबांत संपतो आणि मग पेडल दगडासारखे लागते. उतारावर इंजिन बंद करणे म्हणजे हा मदतनीस घरी पाठविणे होय.

तिसरा एबीएस. चाक पुरते अडकून घसरू लागले की गाडी वळविता येत नाही. ही यंत्रणा चाकाचा वेग सतत मोजते आणि चाक अडकू लागताच तेलाचा दाब क्षणभर कमी करून पुन्हा वाढविते. इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये जर्मनीत मोटारींत आले. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. पण लक्षात घ्या, तेल उकळले तर यांपैकी कोणताही राखणदार तुमच्या पायातले बळ वाफेपलीकडे पोचवू शकत नाही.

मग करावे काय?

जुन्या चालकांचा एक नियम आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की चाकेच इंजिनाला फिरवितात. इंजिनातील घर्षण व हवा आत-बाहेर करण्याचे कार्य यांत उताराची बरीच ऊर्जा खर्च होते आणि ती उष्णता रेडिएटर व धुराच्या नळीतून बाहेर जाते. ब्रेकवरचा भार हलका होतो. डिझेल वाचते हाही भ्रमच. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या आजच्या गाड्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता उतरताना इंजिनाला इंधन देणेच थांबवितात; उलट मोकळी सोडलेली गाडी इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे थोडे इंधन जाळीत राहते.

ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेव्हा, बदलावे. नवे तेल सीलबंद डब्यातलेच घ्यावे. बरेच दिवस उघडा राहिलेला डबा ओलावा पिऊन बसलेला असतो. टाकीत इंजिन ऑइल तर कधीच ओतू नये, कारण त्याने आतील रबरी वॉशर फुगून निकामी होतात.

मोठ्या ट्रक आणि बसमध्ये बहुधा तेलाऐवजी दाबलेल्या हवेचे ब्रेक असतात. तेथे तेल उकळण्याचा प्रश्न नाही; पण लायनर आणि ड्रम तसेच तापतात, आणि इंजिन बंद केले तर टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. नियम त्यांनाही तोच.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे मुलाबाळांसह, भांड्याकुंड्यांसह साखर कारखान्यांकडे निघतात. भरलेल्या गाड्या घाट उतरतात. माझ्या वर्गातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे आईवडील त्या गाड्यांत असतात. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम परीक्षेत दोन गुणांना विचारतात. घाटात त्याची किंमत त्याहून फार मोठी आहे. तुमच्या घरी कोणी गाडी चालवीत असेल, तर आज त्यांना दोन सिरिंजांचा प्रयोग करून दाखवा. आधी बुडबुड्याशिवाय आणि मग बुडबुडा ठेवून. एवढे पाहिल्यावर उतारावर गिअर काढण्याचे त्यांच्या मनात येणार नाही.

विचार करा

१. वरील उदाहरणात चाकातील दट्ट्याचे क्षेत्रफळ २० ऐवजी ३० चौरस सेंटीमीटर केले, तर बल किती होईल? पेडल किती जास्त दाबावे लागेल?

२. गाडीचा वेग ताशी ७२ ऐवजी ३६ किलोमीटर असता, तर ब्रेकमध्ये किती उष्णता निर्माण झाली असती? निम्मी की त्याहून कमी?

३. मेकॅनिक ब्रेकमधील हवा काढतो तेव्हा एक जण पेडल दाबून धरतो आणि दुसरा चाकाजवळचा स्क्रू सैल करतो. पेडल सोडण्यापूर्वीच स्क्रू घट्ट का करावा लागतो?